अनुमोदना

२०१८ चा पाडवा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. दुपारची जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात फोन वाजला. माहेरच्या, म्हणजे कारंज्याच्या ग्रुपवर मावसबहिणीने एक फोटो टाकला होता. दिगंबर मुनिमहाराज, अंगावर जखमा. खाली हिंदीत दोन-तीन ओळी, की कर्नाटकात मुसलमान पोरांनी जैन मुनींवर हल्ला केला, त्या राज्यात आता कोणीच सुरक्षित नाही, प्रत्येक जैन बांधवापर्यंत हे पोचवा. बहिणीला हा निरोप कोणी पाठवला ते तिने लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. एका हातात ओलं फडकं तसंच धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी तो चार ठिकाणी पुढे पाठवला. जेमतेम अर्धं मिनिट लागलं असेल. मग ओटा पुसून घेतला, आणि डोळ्यांना पाणी आलं म्हणून थोडा वेळ खुर्चीवर बसले.

ते रडू खोटं नव्हतं, हे आधी सांगते. त्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला होता. बारा वर्षांनी येणारा सोहळा. त्यासाठी उत्तरेकडचे मुनिसंघ महिनोन्‌महिने आधी पायी निघाले होते. नागपूरहून हैदराबादला जाणारा चव्वेचाळीस नंबरचा हायवे आमच्या आदिलाबादवरून जातो. पाटणबोरी मागे टाकली की पैनगंगेचा पूल, पूल ओलांडला की तेलंगण. संघ येणार असं कळलं की आम्ही बायका वाटेवरच्या एखाद्या शाळेच्या खोलीत चौका लावतो. विहिरीचं पाणी गाळून आणायचं, पीठ घरी दळलेलं, धान्याचा एकेक दाणा निवडलेला. मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, उभ्याने, हाताच्या ओंजळीत. घासात केस निघाला तर आहार तिथेच संपतो, मग पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी. त्यामुळे वाढणारीचा हात थरथरतो. माझाही थरथरला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच संघ निघाला, तेव्हा आम्ही चार-पाच जणी पोचवायला तीन-चार किलोमीटर सोबत गेलो. डिसेंबर महिना, धुकं उतरलेलं. मुनींची चाल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ईर्यासमिती म्हणून एक नेम आहे. पुढची चार हात जमीन बघत चालायचं, पायाखाली मुंगीसुद्धा येऊ नये. म्हणजे नजर कायम खाली. आणि मागून येतात हायवेचे ट्रक, त्यात तो कापसाचा हंगाम, मापाबाहेर फुगलेल्या गाड्या. एक ट्रक इतक्या जवळून गेला की महाराजांच्या हातातल्या पिच्छीची मोरपिसं वाऱ्याने आडवी झाली. महाराज थांबले नाहीत, त्यांनी मान वर केली नाही. माझंच काळीज लटपटलं. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "या रस्त्यावर एक दिवस काहीतरी होणार बघा."

हे माझे शब्द, डिसेंबरातले. तीन महिन्यांनी एका मुनींच्या अंगावर जखमा दिसल्या तेव्हा मला ट्रक आठवला नाही, धुकं आठवलं नाही, आडवी झालेली पिच्छी आठवली नाही. खाली जे लिहिलं होतं ते मी मानलं. डोळ्यांनी पाहिलेलं बाजूला राहिलं आणि कोणीतरी लिहिलेलं खरं झालं. याचा मला आजही उलगडा होत नाही. खरं तर होतो, पण तो स्वतःशी कबूल करायला नको वाटतं.

मी ज्या चार ठिकाणी निरोप पाठवला, त्यात महिला मंडळ होतं, नणंदांचा ग्रुप होता, कॉलेजच्या मैत्रिणी होत्या आणि आमच्या गल्लीची भिशी होती. भिशीत आम्ही अकरा जणी. त्यात समोरच्या भाभी. नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. शिवणकाम करतात. माझी पोलकी वीस वर्षं त्यांच्याच हातची. ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शीरखुर्मा येत नाही, शीरखुर्म्याचा कोरडा शिधा येतो: न फोडलेलं पुडकं शेवयांचं, खारीक, चारोळी, बदाम. आमच्याकडे काय चालतं, काय नाही, हे त्यांनी पहिल्या वर्षी एकदाच विचारून घेतलं होतं. पर्युषणात माझा उपास असला की त्या दिवशी घरात मासे करणं टाळतात, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

त्या ग्रुपमध्ये त्या आहेत हे मला निरोप पाठवताना माहीत होतं का? होतं. आठवलं का? नाही. मला वाटतं, आपण असलं काही पाठवतो तेव्हा ज्यांच्याविषयी ते लिहिलेलं असतं ते लोक आपल्याला ओळखीचे वाटतच नाहीत. ते कर्नाटकातले 'मुसलमान पोरं' होते. समोरच्या भाभी त्यांच्यात कुठे बसत होत्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी शिवलेलं पोलकं घेऊन दारात आल्या. पैसे घेतले, मोजले नाहीत. मग म्हणाल्या, "भाभी, कैसे हैं अब तुमारे महाराज? पट्टी-वट्टी करे क्या?" मी म्हटलं, "मालूम नहीं." त्या म्हणाल्या, "अल्ला खैर करे." पायरी उतरता उतरता, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "मेरे पोट्टे कू बोली मैं, दो-चार दिन चौक में नक्को बैठ."

एवढंच. आवाज चढला नाही, तक्रार नाही. बाहेरच्या कोणाला त्या वाक्यात काही वाटणार नाही. आदिलाबादच्या माणसाला वाटेल. २००८ च्या ऑक्टोबरात भैंसा पेटलं होतं. भैंसा तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं, आता निर्मलमध्ये गेलं. तिथली भाषा आमच्यासारखीच, अर्धी मराठी अर्धी तेलुगू, मधे दखनी. भैंशाजवळच्या वाटोली गावात एका मुसलमान कुटुंबातली सहा माणसं घरात जाळली गेली, त्यात लहान मुलं होती. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. पुढे २०२० च्या जानेवारीत आणि २०२१ च्या मार्चात भैंशात पुन्हा दंगली झाल्या, तेव्हा होतं. आमच्या भागात आईने पोराला "चौकात बसू नको" म्हणणं म्हणजे काय, हे सगळ्या आयांना कळतं. ते वाक्य त्यांना माझ्यामुळे म्हणावं लागलं.

२९ मार्चला महावीर जयंती होती. सकाळी मिरवणूक झाली, पाळणा झाला, 'जगा आणि जगू द्या' लिहिलेले फलक धरून पोरं घामाघूम झाली. त्याच दिवशी बंगळूरच्या सेंट्रल क्राइम ब्रँचने महेश विक्रम हेगडे नावाच्या माणसाला अटक केली. 'पोस्टकार्ड न्यूज' नावाची वेबसाइट तो चालवत होता. मुनींवर मुसलमान तरुणांनी हल्ला केल्याची बातमी त्या साइटवर आली होती, आणि त्याने स्वतःही ती पसरवली होती. दुसऱ्या दिवशी मुलाने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "आई, तू पाठवलेला फोटो हाच ना?"

तोच होता. मुनींचं नाव मयंकसागरजी. बातम्यांची पडताळणी करणाऱ्या 'ऑल्ट न्यूज'ने तोवर सगळं उघडं केलं होतं. विहार करताना मुनिश्रींना रस्त्यावर अपघात झाला होता. एका दुचाकीचा धक्का लागला होता. हल्ला झाला नव्हता, मारणारं कोणी नव्हतं. होता तो रस्ता, गाडी आणि खाली नजर ठेवून चालणारा एक माणूस. म्हणजे डिसेंबरात मी ह्यांना सांगितलं होतं तेच.

त्यानंतर मी पोस्टकार्डविषयी मिळेल ते वाचत गेले. घरकाम करणाऱ्या बाईला अशा वाचनाला वेळ मिळतो, लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त मिळतो. एका पक्षाच्या बाजूने लिहिणारी ती साइट, आणि खोट्या बातम्यांसाठी तिचं नाव त्याच्या आधीपासून गाजत होतं. गौरी लंकेश यांचा ५ सप्टेंबर २०१७ ला खून झाला. त्यांच्या साप्ताहिकातला शेवटचा अग्रलेख खोट्या बातम्यांवर होता, आणि त्यात या पोस्टकार्डचा उल्लेख होता. कर्नाटकातल्या निवडणुकीचं मतदान १२ मे २०१८ ला व्हायचं होतं. मुनींची जखम मार्चातली. तारखा शेजारी शेजारी लिहून पाहिल्या की आणखी काही सांगायला लागत नाही. त्या ओळींत मुख्यमंत्र्यांचं राज्य कसं असुरक्षित आहे हेच ठासून सांगितलं होतं. महाराजांची प्रकृती कशी आहे, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. ते विचारलं फक्त भाभींनी.

हेगडेंना अटक झाली तेव्हा केंद्रातले तेव्हाचे मंत्री अनंतकुमार हेगडे उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. काही दिवसांनी जामीन मिळाला. जुलैत फेसबुकने पोस्टकार्डचं पान काढून टाकलं. आमच्या समाजातलेही काही म्हणाले, निदान तो आपल्यासाठी बोलला तरी. आपल्यासाठी! मुनींच्या अंगावरची जखम ज्याने मतांच्या बाजारात नेली, तो आपल्यासाठी बोलला.

बाजार हा शब्द मी उगाच वापरत नाही. आमचं घर कापसाच्या अडतीवर चालतं. हे पोस्टकार्डचं प्रकरण ऐकून म्हणाले, "यात नवीन काय? पाणी मारलेला कापूस आहे." आदिलाबादच्या मार्केट यार्डात दर हंगामात ओलाव्यावरून तंटा होतो. सीसीआय आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, बाराच्या वर माल घेत नाही. काही जण गाडी भरताना कापसावर पाणी शिंपडतात, कारण पाण्याने वजन वाढतं आणि पैसे वजनाचे मिळतात. बोंड खरंच असतं, पाणी वरून असतं. साइटचं तसंच. जखम खरी, फोटो खरा, महाराज खरे. दोन शब्द फक्त वरून शिंपडलेले. आणि पैसे किती जणांनी पान उघडलं त्यावर मिळतात, कारण पानाशेजारी जाहिरात असते. खरं वाचून माणूस पुढे जातो, राग आला की थांबतो आणि चार जणांना दाखवतो. २०१६ च्या अमेरिकेच्या निवडणुकीत मॅसेडोनियातल्या वेलेस नावाच्या छोट्या गावातली पोरं अमेरिकेविषयी खोट्या बातम्यांच्या साइट चालवून जाहिरातींचे पैसे कमवत होती. त्यांना तिकडच्या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं, पण दुकान चांगलं चाललं. फरक एकच, की कापसाला ओलावा मोजायचं यंत्र असतं. ते खुपसलं की आकडा येतो.

माझ्याकडे यंत्र होतं, खरं म्हणजे. तो हायवे मी पाहिलेला होता.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. तिकडे एक 'इपॉक टाइम्स' नावाचं वर्तमानपत्र आहे, २००० साली सुरू झालेलं. फालुन गोंग या चिनी पंथाच्या लोकांचं, चीनच्या सरकारविरुद्ध, पुढे ट्रम्प यांच्या बाजूचं. करोनाच्या दिवसांत ते त्याच्या पेटीत न मागता येऊन पडायचं. फेसबुकने त्यांच्या जाहिराती २०१९ मध्येच बंद केल्या होत्या. २०२४ च्या जूनमध्ये त्याने मला फोनवर सांगितलं, "मावशी, त्या फुकटच्या पेपरचा खजिनदार पकडला." बिल ग्वान नावाचा त्यांचा मुख्य वित्त अधिकारी. न्यू यॉर्कच्या सरकारी वकिलांचं आरोपपत्र असं, की निदान ६ कोटी ७० लाख डॉलर इतका काळा पैसा कंपनीच्या खात्यांतून फिरवला गेला. बेकारी भत्ता वगैरे लुबाडून मिळवलेल्या पैशांची प्रीपेड कार्डं डॉलरमागे सत्तर-ऐंशी सेंट देऊन विकत घ्यायची, आणि तो पैसा कंपनीत आणायचा. एका वर्षात उत्पन्न दीड कोटी डॉलरवरून सहा कोटी वीस लाखांवर गेलं. बँकेने विचारलं तर उत्तर काय? देणग्या वाढल्या. ग्वान यांनी आरोप नाकारले आहेत.

देणग्या हे उत्तर मला फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडेही हिशेबात न बसणारी रक्कम 'गुप्तदान' या खात्यात बसते आणि कोणी विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे धर्माविरुद्ध बोलणं. पक्षाचं तेच. ज्याला आपण आपल्या बाजूचा म्हटलं, त्याच्याकडे पावती मागायची नाही. कोणी दुसऱ्याने मागितली तर तो आपल्यावरचा हल्ला.

मात्र याची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर मीसुद्धा थोडं पाणी शिंपडलं असं होईल. चौकशी लागली म्हणजे लबाडी सिद्ध झाली असं नसतं. 'न्यूजक्लिक' ही डाव्या विचारांची म्हणून ओळखली जाणारी वेबसाइट. चीनकडून पैसा घेतल्याच्या आरोपावरून तिचे संस्थापक प्रबीर पुरकायस्थ यांना दिल्ली पोलिसांनी ३ ऑक्टोबर २०२३ ला पकडलं. सात महिने ते आत होते. १५ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती अटकच बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं त्यांना लेखी दिलेली नव्हती. सरकार ज्याच्यामागे लागेल तो चोर आणि सरकार ज्याला सोडेल तो साव, असं मानायचं तर मग डोकं कशाला हवं? आमच्या घरी जेवताना यावरून वाद होतात. मुलगा एका बाजूला, हे दुसऱ्या. मी आमटी वाढते आणि दोघांनाही विचारते, कागद पाहिला का? दोघांनीही पाहिलेला नसतो.

आता माझ्या कागदाकडे येते.

आमच्या धर्मात पापाचा हिशेब बारीक आहे. जपाच्या माळेत १०८ मणी का, हे मला लहानपणी आजीने बोटांवर मोजून सांगितलं होतं. पाप मनात योजणं, त्याची साधनं जमवणं, प्रत्यक्ष आरंभणं, असे तीन. ते मनाने, वाणीने, कायेने, असे तीन. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि कोणी केलं त्याला हो म्हणणं, असे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नव त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. शेवटच्या त्रिकातलं तिसरं, हो म्हणणं, त्याला अनुमोदना म्हणतात. लहानपणी मला ते अन्यायाचं वाटायचं. चोरी करणारा आणि नुसती मान डोलावणारा एका माळेत कसे? आजी म्हणायची, "मान डोलावणारे नसते तर चोराला चोरी जमली असती का बाई?"

श्रावकाच्या सत्यव्रताला जे दोष लागतात, त्यांत एक आहे कूटलेखक्रिया. खोटा लेख लिहिणं. जुन्या लोकांनी तो बहुधा खोट्या खतांसाठी, हुंड्यांसाठी सांगितला असेल, व्यापाऱ्यांचा समाज आमचा. अचौर्यव्रताच्या दोषांत आणखी एक आहे, चोराने आणलेला माल घेणं. मी लेख लिहिला नाही. पण माल घेतला, आणि पुढच्या चार दुकानांना पोचताही केला. कायद्याने मला कोणी धरणार नाही. आयटी ॲक्टखाली गुन्हा बंगळूरच्या माणसावर लागला. आदिलाबादच्या ओट्याजवळ उभ्या बाईचं नाव कोणत्याच कागदावर नाही.

मुलाने फोटो दाखवला त्या रात्री मी चारही ठिकाणी लिहिलं. "मी पाठवलेला निरोप खोटा होता. महाराजांना अपघात झाला होता, हल्ला नव्हता. मी न विचारता पाठवला. मिच्छा मि दुक्कडं." निरोप पुसून टाकायची वेळ केव्हाच टळून गेली होती. नणंदांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. महिला मंडळात कोणी काही बोललं नाही, दहा मिनिटांनी एकीने कैरीच्या लोणच्याची कृती टाकली. माहेरच्या ग्रुपवर आमचे एक काका आहेत, दशलक्षण पर्वात उत्तम सत्याच्या दिवशी प्रवचन तेच करतात. त्यांनी लिहिलं, "असेल अपघात. पण ते लोक करतातच ना असं."

या वाक्याशी मी बरेच दिवस भांडत होते. बातमी खोटी निघाली, तरी तिने जे सांगितलं ते खरंच राहिलं! म्हणजे काकांना बातमी लागतच नव्हती. त्यांना हवा होता तो निकाल आधीच झालेला होता, बातमी नुसती त्याला जोडायची. आणि माझं काय वेगळं होतं? मी काकांइतकी स्पष्ट नव्हते एवढंच. ट्रक सोडून मला 'पोरं' दिसली, ती काही बंगळूरच्या माणसाने माझ्या डोक्यात नव्याने घातली नव्हती. ती तिथे होती, तो फक्त हाक मारून गेला. मघाशी म्हटलं ना, उलगडा होतो पण कबूल करायला नको वाटतं, तो हा.

त्या माझ्या माफीचा निरोप पुढे कोणी पाठवला असेल का? माझ्या माहितीत एकानेही नाही. मावसबहिणीनेसुद्धा नाही.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना गावकऱ्यांनी ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली. तिथेही आधी मोबाइलवर निरोपच फिरत होते. त्यानंतर व्हॉट्सॲपने आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी तर चारच ठिकाणी पाठवलं होतं. मर्यादेत होते.

आमच्या गावापासून वीसेक किलोमीटरवर जैनथ आहे. तिथलं जुनं दगडी देऊळ जैन धाटणीचं म्हणतात, गावाच्या नावातही जैन, आणि गाभाऱ्यात लक्ष्मीनारायण. आम्ही जातो, दर्शन घेतो, आवारात बसून डबा खातो. परवा तिथे बसले असताना एकदम मनात आलं, यावर कोणी अशीच एक बातमी लिहिली तर? एक फोटो, दोन ओळी, 'प्रत्येक जैन बांधवापर्यंत पोचवा'. फोटो खरा असेल, देऊळ खरं असेल. जेवण घशाखाली उतरेना. पूर्वी मला असले विचार येत नसत.

भाभी भिशीच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या नाहीत. पडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. माझ्या माफीखाली त्यांनी लिहिलं होतं, "शुक्र है महाराज कू ज्यादा नहीं लगा." त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. ईदला शिधा येतो. पोलकी शिवून होतात. पण पूर्वी त्या पोलकं द्यायला आल्या की आत येऊन बसायच्या, पंखा लाव म्हणायच्या. आता दारातच देतात. कदाचित गुडघे दुखत असतील. मी विचारलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा एक संघ हायवेने येणार होता. या वेळी मी मंडळात हट्ट धरला, की चौका लागेल तेव्हा लागेल, आधी संघासोबत चालणाऱ्या श्रावकांच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या पाहिजेत. मुनींच्या अंगावर काही चढवता येत नाही, पण पुढे-मागे चालणाऱ्यांना तरी धुक्यात लांबून बघता यावं. बाजारातून रेडियमच्या पट्ट्यांचं बंडल आणलं, भगव्या कापडाचे चाळीस पट्टे कापले आणि शिवायला भाभींकडे घेऊन गेले. काय आहे, कशासाठी, सगळं सांगितलं. त्यांनी कापड हातात घेऊन पाहिलं, मशीनची सुई बदलावी लागेल म्हणाल्या. दोन दिवसांत चाळीसही तयार झाले. शिलाई विचारली तर म्हणाल्या, "बीस रुपये एक का." मी मोजून आठशे दिले, त्यांनी या वेळी मोजून घेतले. थोडी पट्टी उरली होती, ती परत देत होत्या. मी म्हटलं राहू द्या. संध्याकाळी गच्चीवरून कपडे काढताना पाहिलं, त्यांचा मुलगा घरासमोर उकिडवा बसून मोटरसायकलच्या मागच्या मडगार्डला ती चिकटवत होता.